घोर जिवाला, दुखणं शरीराला: ज्येष्ठांचा दीर्घकाळचा ताण आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या नौपाड्यात माझा दवाखाना सुरू होऊन सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मुलांना ताप आला म्हणून धावत येणारे आईवडील आता सत्तरीत आहेत, आणि तीच मुलं त्यांना हाताला धरून घेऊन येतात. या वयाच्या माणसांबद्दल दोन वाक्यं मला रोज ऐकू येतात. एक, "वय झालं आता, चालायचंच." दुसरं, "टेन्शन घेऊ नका." दोन्ही मायेपोटीच बोलली जातात, पण दोन्हींमुळे पुढची चौकशी तिथंच थांबते. म्हणून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथं सविस्तर लिहिते आहे. कुणाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

डॉक्टर, मला टेन्शन काहीच नाही. पेन्शन आहे, मुलं चांगली आहेत. मग बीपी का उतरत नाही?

एका आजींचं सांगते. वय बहात्तर, बीपी दर वेळी १६० च्या वर. औषध दोनदा बदललं, फरक पडेना. "कसली काळजी आहे का?" "छे, कसली काळजी!" मग मी विचारलं, "दिवस कसा जातो?" त्या गप्प झाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तीन वर्षं नऊ महिने झाले हो."

त्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली होती. अडीच वर्षांत घर मिळणार होतं. तोवर घोडबंदर रोडला सोळाव्या मजल्यावर भाड्याचं घर. पूर्वी त्या रोज सकाळी कोपिनेश्वर मंदिरात जायच्या, येताना जांभळी नाक्यावरून भाजी आणायच्या, वाटेत चारजणींशी बोलणं व्हायचं. आता लिफ्टची भीती वाटते म्हणून खाली उतरणंच बंद. बिल्डरकडून येणारं भाडं थकलेलं. मुलगा स्वतःच्या खिशातून भरतो आणि सांगत नाही, पण त्यांना ते ठाऊक असतं. दुपारी एकटीसाठी कुठं स्वयंपाक करायचा म्हणून पोळी-लोणचं, नाहीतर खाकरा. रात्री तीनला जाग येते ती पहाटेपर्यंत. मग सकाळी उशिरा डोळा लागतो आणि नाश्त्यानंतरची बीपीची गोळी राहून जाते.

यातलं कशामुळं बीपी वाढलं? सगळ्यामुळंच. काळजीनं रक्तवाहिन्या आवळल्या जातात हे खरं, पण लोणच्यातलं मीठ, बंद झालेलं चालणं, मोडलेली झोप आणि चुकलेली गोळी या वाटांनीही तीच काळजी शरीरात उतरते. आम्ही गोळ्यांचा आठवड्याचा डबा आणला, दुपारच्या जेवणाचं बघितलं, आणि मुलाला समोर बसवून सांगितलं की भाड्याचं काय ते आईला खरं सांग. तिसऱ्या महिन्यात बीपी १३८ वर आलं. औषध तेच होतं, फक्त आता ते रोज पोटात जात होतं.

'टेन्शन' हा शब्द या पिढीला आपला वाटत नाही. ही माणसं म्हणतात, घोर लागलाय, अन्न गोड लागत नाही, जीव रमत नाही. म्हणून घरच्यांनी "टेन्शन आहे का?" असं विचारू नये. झोप कशी लागते, जेवण कसं जातं, दिवस कसा जातो, हे विचारावं. आणि उत्तर येईपर्यंत थांबावं.

घरच्या मशीनवर दर वेळी वेगळं बीपी येतं. कुठलं खरं धरायचं?

एकच आकडा धरू नका. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलू नका. आधीचा अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. असं सकाळ-संध्याकाळ आठवडाभर करून वहीत लिहा. घरी मोजलेलं सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर जात असेल तर वही घेऊन या. भांडण झाल्यावर किंवा वाईट बातमी ऐकल्यावर लगेच मशीन लावून घाबरू नये; त्या क्षणी बीपी कुणाचंही वाढतं.

थोडाफार ताण तर आयुष्यभर होता. मग आताच शरीराला का बाधतो?

ताणाची यंत्रणा मुळात आपल्या रक्षणासाठीच आहे. कुत्रा अंगावर धावून आला की अॅड्रेनॅलिन हे संप्रेरक (हार्मोन) सुटतं, हृदय जोरात चालतं, पायांत बळ येतं. मागोमाग मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक येतं आणि यकृतातली साखर रक्तात सोडायला लावतं. कुत्रा गेला की हे सगळं उतरतं. हान्स सेली या शास्त्रज्ञानं १९३६ साली दाखवलं की इजा कुठल्याही प्रकारची असो, शरीराची प्रतिक्रिया एकाच ठरावीक धाटणीची असते, आणि मारा चालूच राहिला तर शेवटी शरीर थकतं. पुढं १९९३ मध्ये ब्रूस मॅकइवन यांनी या साठत जाणाऱ्या झिजेची कल्पना नीट मांडली.

अडचण होते ती न जाणाऱ्या कुत्र्याची. कोर्टातली तारीख, अंथरुणाला खिळलेला नवरा, न बोलणारी सून, परदेशातल्या मुलाचा न येणारा फोन. कॉर्टिसॉलचं स्वतःचं घड्याळ असतं: सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास ते सर्वांत वर असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली. महिनोन् महिने ताण राहिला की हा चढउतार सपाट होऊ लागतो. रात्री जे उतरायला हवं ते पुरतं उतरत नाही.

वयाबरोबर रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे तेवढ्याच काळजीनं वरचं बीपी जास्त चढतं. वर गेलेलं खाली यायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो. स्नायू आणि हाडं आधीच कमी झालेली असतात, आणि दीर्घकाळ चढलेलं कॉर्टिसॉल दोन्हींना आणखी पोखरतं. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत त्यांनी हे अनुभवलं आहे: दंड-मांड्या बारीक, हाडं ठिसूळ, साखर वर, कातडी पातळ. ताणामुळं होणारा परिणाम त्याहून खूपच सौम्य असतो, पण दिशा तीच.

पथ्य पाळूनही बाबांची शुगर वर आहे. काळजीनं शुगर वाढते का?

वाढते. कॉर्टिसॉल यकृताला साखर बनवायला लावतं आणि इन्सुलिनचा असर कमी करतं. मात्र आधी बाकीचं तपासा: गोळ्या वेळेवर घेतात का, लघवीचा जंतुसंसर्ग आहे का, गुडघ्यासाठी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं का, रात्री जाग आल्यावर बिस्किटं खाल्ली जातात का. "काळजीमुळंच असेल" हे शेवटी म्हणायचं.

मीच आजारी माणसाची सेवा करतो आहे. माझ्या तब्येतीवर परिणाम होईल का?

हा प्रश्न मला फार कमी जण विचारतात. खरं तर सर्वांत जास्त विचारला जायला हवा असा हा प्रश्न आहे, म्हणून इथं जरा थांबते.

पाचपाखाडीत राहणारे एक काका, वय शहात्तर. बायकोला स्मृतिभ्रंश. ते नेहमी तिच्या औषधांसाठी येत, स्वतःचं काही सांगत नसत. एकदा उठताना पँट वर सरकली आणि नडगीवर चिकटपट्टी दिसली. स्टुलाचा कोपरा लागला होता. "किती दिवस झाले?" तर म्हणाले, "गणपतीच्या आधी लागलं होतं." तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. रुपयाच्या नाण्याएवढी जखम, कडा फिकट, आत ओल. साखर तपासली, नॉर्मल. पायाच्या नाड्या चांगल्या लागत होत्या. मग विचारलं की रात्री झोपता किती. बायको रात्री दोन-तीनदा उठते, दार उघडून "आईकडं जायचंय" म्हणते. कडी वाजली की ते उठतात. दोन वर्षं त्यांनी सलग चार तास झोप घेतलेली नव्हती. आणि जेवण? "तिला भरवलं की मग उभ्या उभ्या काहीतरी."

१९९५ साली अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच मोजलं. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या, तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ४८.७ दिवस लागले, इतरांची ३९.३ दिवसांत भरली. नऊ दिवसांहून जास्त फरक. अभ्यास लहान होता, पण त्यानं दिलेली दिशा पुढं इतर कामांतही दिसली.

१९९९ सालचा दुसरा एक अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ६६ वर्षांपुढच्या जोडीदारांचा चार वर्षं मागोवा घेतला गेला. आजारी जोडीदाराची सेवा करताना ज्यांची ओढाताण होत होती, त्यांचा मृत्यूचा धोका सेवेची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. पण सेवा करूनही ज्यांची ओढाताण होत नव्हती, त्यांच्यात तसा वाढलेला धोका दिसला नाही. म्हणजे माणूस सेवेनं खचत नाही. एकट्यावर पडलेल्या, उसंत नसलेल्या सेवेनं खचतो.

काकांना मी ड्रेसिंग दिलं, प्रथिनं वाढवायला सांगितली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पण खरा उपाय झाला तो मुलीनं केलेल्या व्यवस्थेचा: आठवड्यातून तीन रात्री बाई ठेवली आणि शनिवारी ती स्वतः येऊ लागली. पहिल्या शनिवारी काका दुपारी दोनला झोपले ते सातला उठले. जखम भरायला आणखी पाच आठवडे लागले. आई-बाबांपैकी एकाची सेवा दुसरा करत असेल तर मुलांनी फक्त आजाऱ्याची फाइल बघू नये. सेवा करणाऱ्याचंही वजन, बीपी, साखर आणि झोप दर तीन महिन्यांनी बघावी.

सारखी सर्दी, खोकला, मध्येच नागीण. प्रतिकारशक्ती कमी झाली का?

वयानं ती कमी होतेच, ताणानं आणखी होते. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत झोपून राहतो आणि प्रतिकारशक्ती मंदावली की नागीण होऊन बाहेर पडतो. सेवेचा ताण असलेल्या ज्येष्ठांच्या शरीरात फ्लूच्या लशीलाही कमी प्रतिसाद मिळतो असं दिसलं आहे. म्हणून लस टाळायची नाही, उलट वेळेवर घ्यायची. फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण या तिन्ही लशींबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. नागीण उठली तर तीन दिवसांच्या आत दाखवा, कारण विषाणूविरोधी औषधाचा उपयोग तेव्हाच जास्त होतो.

दुःखानं हृदय खरंच बंद पडतं का?

जोडीदार गेल्यानंतरचे पहिले महिने धोक्याचे असतात, ही नुसती समजूत नाही. ब्रिटनमध्ये ५५ वर्षांपुढच्या ४,४८६ विधुरांचा मागोवा घेतला गेला. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचा मृत्युदर अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त दिसला, आणि सर्वांत मोठी वाढ हृदयविकाराच्या मृत्यूंमध्ये होती.

शिवाय 'टाकोत्सुबो' नावाचा एक विकार आहे. जपानी डॉक्टरांनी तो १९९० च्या सुमारास पहिल्यांदा नोंदवला. जबर धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि त्याचा आकार ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. पण छातीत दुखण्याचं कारण साधा धक्का, टाकोत्सुबो की हार्ट अटॅक, हे घरी बसून कुणालाही कळत नाही, मलाही नाही. ज्येष्ठांत आणि मधुमेहींत छातीत न दुखताही अटॅक येतो: अचानक दम लागणं, दरदरून घाम, जबडा किंवा पाठ दुखणं, अंगातलं त्राण जाणं. असं झालं तर "तेराव्यापर्यंत थांबू" म्हणू नका. १०८ ला फोन करा.

झोपेसाठी अर्धी गोळी घेते. फक्त अर्धीच. चालेल ना?

ही अर्धी गोळी ठाण्यातल्या किती घरांत आहे, हे डबे उघडले की कळतं. कधीतरी कुणाच्या निधनानंतर दहा दिवसांसाठी लिहून दिलेली असते, आणि आठ वर्षं चालू राहते. अल्प्राझोलाम आणि त्या जातीच्या गोळ्या साठीनंतर शरीरात जास्त वेळ राहतात. रात्री लघवीला उठताना तोल जातो. खुब्याचं हाड मोडतं. दिवसा सुस्ती येते, विसरायला होतं, आणि मग घरचे स्मृतिभ्रंशाची शंका घेऊन येतात.

पण हे वाचून आज रात्री एकदम बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी अचानक थांबवली तर थरथर, घाबरेपणा, क्वचित फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती आठवड्या-आठवड्यांनी उतरवत न्यायची असते. उतरते. मी चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजींची उतरवली आहे, चार महिने लागले. तोवर दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चारनंतर चहा बंद, सकाळी ऊन अंगावर घ्या, आणि जाग आली तर अंथरुणात तळमळत न राहता खुर्चीत येऊन बसा. मोबाइल मात्र लांब.

अंगदुखीच्या गोळ्यांचंही असंच. काळजीनं मान-पाठ आखडते, मग केमिस्टकडून आणलेली गोळी रोज घेतली जाते. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात, मूत्रपिंडाला इजा करतात आणि पोटात रक्तस्राव घडवू शकतात.

आई हल्ली विसरते. ताणामुळं की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश)?

दोन्ही असू शकतं, आणि तिसरंही काही असू शकतं. नैराश्य, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, कमी ऐकू येणं, वरची अर्धी गोळी. शाकाहारी आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या माणसांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे. यांतलं पुष्कळसं सुधारण्यासारखं असतं. म्हणून तपासणीआधी नाव देऊ नका.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे. म्हणजे खोटं दुखतंय का?

नाही. दुखणं खरंच असतं. सतत सावध राहिलेल्या शरीराला तीच कळ जास्त जोरात जाणवते.

पण उलट बाजूही तितकीच सांगायला हवी. नवरा वारल्यापासून खात नाही, वाळली आहे, असं म्हणत एका बाईंना वर्षभरानं आणलं गेलं. दुःखामुळं असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त, काळी शी, गिळायला त्रास, नवी डोकेदुखी, चढताना नव्यानं लागणारा दम, एका बाजूची कमजोरी, यांतलं काहीही असेल तर ताणाचं नाव घ्यायचं नाही, आधी तपासायचं. आणि त्या गाठीबद्दल घरच्यांनी मला विचारलं, "दुःखामुळं झाली का?" ताणामुळं थेट कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. ताणापोटी तपासणी लांबते, तंबाखू-मिश्री वाढते, हे नुकसान मात्र खरं.

मग करायचं काय? परिस्थिती तर बदलणार नाही.

काही वेळा बदलत नाही, हे मान्य. पण तिच्यातला एखादा कोपरा बदलता येतो.

चालणं पहिलं. आठवड्याला १५० मिनिटं, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम. कचराळी तलावाभोवती किंवा तलावपाळीला जाणारे जून आला की थांबतात, आणि सप्टेंबरपर्यंत शुगर, गुडघे, मूड सगळं बिघडून येतात. पावसाळ्यात इमारतीच्या पॅसेजमध्ये चाला, स्टिल्टच्या पार्किंगमध्ये चाला. खुर्ची धरून एका पायावर उभं राहणं तर स्वयंपाकघरातही होतं.

दुसरं माणसं. २०१० साली १४८ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा ज्यांची नातीगोती आणि ओळखी पक्क्या, त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त दिसली. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, वाचनालयाचा कट्टा, काहीही चालेल. ऐकू कमी येत असेल तर आधी कान तपासा. ऐकू येत नाही म्हणून माणूस घोळक्यातून उठून जातो आणि आपण म्हणतो त्यांना कुणात मिसळायला आवडत नाही.

तिसरं कागद. नॉमिनेशन, मृत्युपत्र, मेडिक्लेम, सोसायटीचा करार. रात्री तीनला जाग येणाऱ्या कित्येकांच्या मनात यातलाच एखादा कागद असतो. एक दुपार काढून मुलांबरोबर बसा.

प्राणायाम, जप, संथ श्वास यांनी नाडी शांत होते, रोज दहा मिनिटं करा. मात्र बीपी असेल तर श्वास जोरानं कोंडून धरायचे प्रकार नकोत.

मानसोपचारतज्ज्ञाकडं जायला बाबा तयार नाहीत. कुठून सुरुवात करू?

'ठाण्याला पाठवतील' या बोलण्यानं महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या माणसं घाबरली आहेत, आणि ठाण्यात राहणाऱ्यांनाही ती भीती सुटलेली नाही. १९०१ पासूनच्या इथल्या मनोरुग्णालयात आज बाह्यरुग्ण विभागही चालतो. दाखवून, औषध घेऊन माणसं संध्याकाळी घरी जातात. तरी नाव काढलं की तोंड फिरत असेल तर सुरुवात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून, झोपेच्या तक्रारीपासून करा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७. आणि ताणाचं कारण घरातलंच असेल, कुणी हात उगारत असेल, पैसे काढून घेत असेल, जेवण तोडत असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांकडं अर्ज करून निर्वाहखर्च मागता येतो. मरण्याचं बोलणं निघालं तर ते "बोलायचं म्हणून बोलतात" असं समजू नका. एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दाखवा.

दवाखान्यात येताना काय आणू?

घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा. स्ट्रिप, चूर्ण, काढे, शेजारच्यांनी दिलेल्या गोळ्यासुद्धा. बीपीची वही आणा. चष्मा आणि कानाचं यंत्र घालून या. बरोबर आलेल्यांनी पहिली पाच मिनिटं बाहेर बाकावर बसावं, एवढी विनंती आहे. आजी-आजोबांशी आधी मी एकटी बोलते.